लेथ, आणि सोबत आणखी दोघी

तीर्थस्वरूप मामा,

तुमच्या भाच्याचा नमस्कार. (साष्टांग लिहिणार होतो, पण ज्या खोलीत बसून हे पत्र लिहितो आहे तिथल्या जमिनीवर सध्या ग्रीस आहे, आणि जे खरोखर घालता येणार नाही ते कागदावर घालू नये असं मला वाटतं. 'तीर्थरूप' न लिहिता 'तीर्थस्वरूप' लिहिलं, कारण पहिलं फक्त आईवडिलांना लिहितात. गेल्या पत्रात माझी ही चूक झाली होती. पत्र पेटीत पडल्याचा आवाज आला आणि त्याच क्षणी लक्षात आली. आठ दिवस जेवण गोड लागलं नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? मामी रोज शेकते असं आई म्हणाली. शेकायची पिशवी गळत असेल तर झाकणाखाली रबराची चकती घाला, सायकलच्या ट्यूबची चालते. मामीचा खोकला गेला असेल अशी आशा आहे. गेला नसेल तरी कळवा, मी उगाच आशेवर राहायला नको.

इकडे सर्व ठीक आहे. ठीक म्हणजे काय, मामा, मला शब्द सापडत नाहीत, आणि लेबलांच्या छापखान्यात शुद्धलेखन तपासणाऱ्या माणसाला शब्द सापडू नयेत ही जरा लाजिरवाणीच गोष्ट आहे. मला वर्कशॉप मिळालं आहे. माझं स्वतःचं. तीन मशिनी, एक बाक, वस्तू घट्ट धरायचा एक व्हाइस, आणि भिंतीवर खिळ्याला टांगलेला तुम्ही दिलेला गुण्या. (घरात मला सगळे गुण्या म्हणतात ते तुमच्यामुळेच, हे तुम्ही विसरला असाल. लहानपणी मी ताटातली चमचा-वाटी काटकोनात लावायचो म्हणून तुम्ही ते नाव ठेवलंत. आता खरा गुण्या भिंतीवर असल्यामुळे आईने हाक मारली की मी आधी भिंतीकडे बघतो.)

पण हे सगळं सरळ झालं नाही. आमच्या घराखालची खोली तुम्हाला आठवत असेल, मोडका पलंग आणि रंगाचे वाळलेले डबे ठेवायचो ती. ती बाबांनी एका शिंप्याला द्यायचं ठरवलं होतं. शिंपी येऊन आपली टेप लावून गेलाही होता आणि खिडकीखाली शिलाई मशीन बसेल म्हणून खूश होता. मी मात्र दोन वर्षं त्या खोलीवर डोळा ठेवून होतो. कामावर जाताना तिच्यात डोकावायचो आणि कुठे काय ठेवता येईल ते मनातल्या मनात मांडायचो. शेवटी धीर करून बाबांना म्हटलं, खोली मला द्या, मला लाकूडकाम आणि लोखंडकाम करायचं आहे. बाबांनी पेपर खाली न करता विचारलं, "कशावर?" मी म्हटलं, मशीनवर. "कुठल्या?" मशीन नव्हती. आमचं बोलणं तिथे संपलं.

त्यानंतर चारच दिवसांनी, शनिवारी, आमच्या रस्त्याच्या टोकाच्या तांत्रिक शाळेतल्या कार्यशाळेच्या मास्तरांनी मला खिडकीतून हाक मारली. (मी रोज त्या खिडकीशी दोन मिनिटं उभा राहतो. मास्तर आधी मला चोर समजले होते, मग एखाद्या विद्यार्थ्याचा भाऊ, आणि शेवटी त्यांनी समजायचं सोडून दिलं.) ते म्हणाले, कार्यशाळा बंद झाली, इथे संगणक बसणार, जुन्या मशिनी ज्याला हव्यात त्याने न्याव्यात, पण आजच न्याव्यात, कारण उद्या भंगारवाला येतो आहे. मामा, आत पाय ठेवला तर कोपऱ्यात ती उभी, लाकूड-लोखंड गरगर फिरवून गोल कातायची मशीन. पाच फुटी, काळी, अंगावर तेलाचे थर, बेडच्या लोखंडी पाटावर कोणीतरी छिन्नीने स्वतःचं नाव कोरलेलं. मी चाकाला हात लावला तर चाक जड पण एका लयीत फिरलं. शिवाय एक पट्ट्याची करवत होती आणि धार लावायची मोटरवरची सहाण होती. मी नववीत शाळा सोडली तेव्हा मला जितकं वाईट वाटलं नव्हतं तितकं मला त्या तिघींकडे बघून वाटलं. म्हटलं, यांचीही शाळा सुटली.

आता मुख्य प्रश्न, दारातून आत जाईल का. तुम्ही शिकवल्याप्रमाणे इंचाचे आठ सूत धरून मी तिची रुंदी तीनदा मोजली : तेहतीस इंच एक सूत. मग पळत घरी जाऊन, कोणाला न दिसता, खालच्या खोलीची चौकट मोजली : तेहतीस इंच तीन सूत. दोन सूत मोकळे. रस्त्याने परत येताना मी एकटाच हसत होतो. शाळेत पोचल्यावर मास्तर म्हणाले, आता पुसून, नटबोल्ट सैल करून, टेम्पोत चढवेपर्यंत दुपार होईल, घरी कळव. फोन करता आला असता, पण आमच्याकडे फोन बाबा उचलतात, आणि फोनवर बाबांचा आवाज आला की मला माझं नावसुद्धा आठवावं लागतं. शाळेचा शिपाई आमच्या बाजूलाच राहतो. त्याच्या हाती चिठ्ठी द्यायची ठरवली.

आणि इथे घोटाळा झाला. चिठ्ठी लिहायला बसलो आणि पहिल्याच शब्दाला अडलो. 'लेथ' की 'लेद'? कारखान्यात जन्म काढलेले तुम्ही लेथ म्हणता. मास्तर लेद म्हणतात. शिपाई लेट म्हणाला. शाळेतल्या शब्दकोशात तो शब्दच नव्हता. (होते ते 'लेणे' आणि 'लेप', मध्ये काही नाही.) चुकीचं लिहून बाबांच्या हातात द्यायचं माझं धाडस होईना, म्हणून मी तो शब्दच गाळला. तो गाळल्यावर 'करवत' आणि 'सहाण' ही नावं तरी कशाला लिहायची, मुख्य पाहुणीचं नाव नाही आणि बरोबरच्यांची आहेत हे बरं दिसत नाही, म्हणून तीही गाळली. चिठ्ठीत एकही चूक नव्हती. ती मला पाठ आहे, कारण नंतर आत्याने ती मला बरेचदा वाचून दाखवली :

'सूत जुळले आहे. आज दुपारी चार वाजता घरी आणतो. वयाने माझ्यापेक्षा बरीच मोठी आहे, पण प्रकृती उत्तम. आजवर शाळेत होती. सोबत आणखी दोघी आहेत, त्या लहान आहेत. खालची खोली रिकामी करावी, कारण जिना चढवता येणार नाही. ता. क. आवाज थोडा मोठा आहे, पण सवय होईल.'

पुढचं मला आईने सांगितलं. आत्याने चिठ्ठी दोनदा मोठ्याने वाचली, चष्मा पुसला आणि निकाल दिला : शिक्षिका आहे, नवरा गेलेला आहे, दोन मुली आहेत आणि गुडघे दुखतात. आई खाली बसली. आत्या म्हणाली, "बसतेस काय, चार वाजता येणार आहे ती." आई म्हणाली, "पण हा तर कोणाशी बोलतसुद्धा नाही." त्यावर आत्या म्हणाली, "न बोलणारेच असे निघतात." बाबांनी चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली. मग उठले आणि म्हणाले, "शिकवणारी बाई आहे. घरात कोणीतरी शिकलेलं येऊ दे." (मामा, हे ऐकल्यावर मला आनंद व्हावा की दुःख व्हावं ते अजून ठरलेलं नाही.) मग ते स्वतः शिंप्याकडे जाऊन खोली देता येत नाही असं सांगून आले. येताना शेजाऱ्यांकडून एक लहान खुर्ची मागून आणली, आणि माझ्या लहानपणची एक माळ्यावरून काढून पुसली. खालच्या खोलीत पलंगाला फळी ठोकून त्यावर स्वच्छ चादर घातली आणि पलंगाशेजारी दोन लहान खुर्च्या मांडल्या.

बरोबर चारला आमचा टेम्पो दाराशी लागला. मी पुढे ड्रायव्हरशेजारी, मागे चार हमाल. बघतो तर आई ठेवणीतले कपडे घालून उंबऱ्यात, आत्या तिच्या मागे फुलं घेऊन, बाबा इस्त्रीच्या शर्टात हात मागे बांधून, आणि समोरच्या दोन घरांच्या खिडक्या भरलेल्या. मला वाटलं, बाबांचा राग गेला आणि हे सगळे मशीनच्या स्वागताला आले. आत्याने टेम्पोत डोकावत विचारलं, "कुठे आहे?"

"मागे आहे. बांधून आणलीय."

"बांधून?"

"न बांधता कशी आणणार, आत्या? वळणावर कलंडली तर हमालांच्या अंगावर जायची."

आत्याने फुलं आईच्या हातात दिली. आईने हळूच विचारलं, "आणि त्या दोघी?"

"त्यांना आडवं झोपवलंय. वर पोती टाकलीत." (हे मी अभिमानाने सांगितलं. पोतं टाकायची कल्पना माझीच होती.)

तेवढ्यात हमालांनी ताडपत्री ओढली. समोरच्या खिडकीतून एक बाई स्पष्टपणे म्हणाली, "अगं, हे तर यंत्र आहे." बाबांनी मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग खिशातून चिठ्ठी काढून पुन्हा वाचली आणि घडी घालून परत ठेवली. ते आत गेले आणि दोन लहान खुर्च्या, एका हातात एक, बाहेर घेऊन आले. मामा, त्या वेळी मला टेम्पोखाली जावंसं वाटलं.

त्यात ती दारात अडली. मी चौकट मोजली होती, पण उघडलेल्या दाराची स्वतःची जाडी धरली नव्हती. हमाल मला हसले. (चौघांपैकी जो सर्वांत म्हातारा होता तो हसला नाही. तो म्हणाला, "होतं असं, लग्नाआधी सगळे चौकटच मोजतात." तेव्हा बाकीचे आणखी हसले.) मी कपाळाला हात लावून उभा होतो तोवर बाबा कुठूनसे स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले, बिजागऱ्यांचे स्क्रू एकेक काढून वाटीत ठेवले आणि दार उचलून भिंतीला टेकवलं. ती दोन सुतांनी आत गेली. एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक.

दुसऱ्या दिवशी बाबांनी मला समोर बसवून निकाल ऐकवला. शिंप्याला ते पुन्हा भेटून आले होते. तो म्हणाला होता, पुढच्या पंधरा तारखेपर्यंत थांबतो. तोपर्यंत त्या खोलीतून घरच्या उपयोगाची एक तरी वस्तू बाहेर आली तर खोली माझी, नाही आली तर पंधरा तारखेला शिंपी आत आणि मशिनी भंगारात. उपयोगाची आहे की नाही हे कोण ठरवणार, असं मी विचारलं. (असले मुद्दे आधीच स्वच्छ झालेले बरे.) बाबा म्हणाले, "तुझी आई."

त्या तीन आठवड्यांइतका आनंद मला आयुष्यात झाला नसेल, आणि तितकी धास्तीही. पहिले पाच दिवस नुसती सफाई. रॉकेल, तारेचा ब्रश, जुनी फडकी. गंजाखालून बेडचा पत्ता लागला तो अगदी चकचकीत. मी प्रत्येक नट, बोल्ट आणि चकती सोडवून वेगवेगळ्या डब्यांत घातली आणि डब्यांवर सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या लावल्या : 'चकच्या मागचे, लांब', 'चकच्या मागचे, आखूड', 'कुठले ते माहीत नाही, पण महत्त्वाचे वाटतात'. वायरमन आला तेव्हा डबे बघून म्हणाला, "मशीन चालवायची आहे का नुसती वाचायची?" तिची मोटर कारखान्यातल्या तीन फेजवर चालणारी होती आणि घरात एकच फेज, त्यामुळे त्याने एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीतली मोटर आणून पट्ट्याने जोडली. बटण दाबलं आणि ती चालली, मामा. उलटी चालली, पण चालली. (वायरमनने दोन तारा बदलल्यावर सुलटी झाली. ते पाच सेकंद मात्र मला वाटलं की आता मी जे जे करीन त्यातून लाकूड वाढत जाणार.) आत्या वरून ओरडली, "ताक घुसळताय का घर?" ता. क. मध्ये मी आवाजाबद्दल लिहिलंच होतं.

मग लेव्हल. तुम्ही मागे एकदा सांगितलं होतंत, बेड पाणसळीत नसेल तर काम वाकडंच होणार. मी पाणसळ ठेवली की बुडबुडा एका टोकाला जाऊन बसे. एका पायाखाली पत्रा घातला की दुसरा उचलला जाई. तीन संध्याकाळी मी पोटावर पडून पत्रे सरकवत होतो. चौथ्या संध्याकाळी बाबा उंबऱ्याशी येऊन उभे राहिले. तुम्हाला माहीत आहे, त्यांची सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्यात नळाच्या लाइनी टाकण्यात गेली. निवृत्त झाल्यापासून ते घरातले नळ ऐकत बसतात. ते म्हणाले, "जमीन विचारलीस का?" मी म्हटलं, काय विचारायचं? ते आत गेले, एक तांब्या पाणी आणलं आणि जमिनीवर ओतलं. पाणी आधी सरळ गेलं, मग कोपऱ्याकडे वळलं. "तिकडे पाऊण इंच उतार आहे. आधी तो कोपरा उचल." तो उचलला, आणि बुडबुडा मधोमध येऊन थांबला. बाबा बराच वेळ त्या बुडबुड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हं," आणि वर गेले. दुसऱ्या दिवशी उंबऱ्याच्या आतल्या बाजूला एक स्टूल दिसलं. ते मी ठेवलेलं नव्हतं.

वस्तू काय करायची हे मी आधीच ठरवलं होतं : लाटणं. लांबट, गोल, आईच्या रोजच्या हातात येणारं. मोडक्या पलंगाचा एक पाय त्यासाठी घेतला. स्टुलावर टेकवून करवतीच्या पट्ट्याने तो कापताना पट्टा स्वतःच्या मनाने डावीकडे गेला आणि स्टुलाचा थोडा भाग आला, तो मी नंतर चिकटवला. पहिलं लाटणं सुटून छताला लागलं. दुसरं मी इतकं काळजीपूर्वक सोललं की शेवटी पेन्सिल उरली. तिसऱ्याच्या वेळी लाकूड पकडून फिरवणाऱ्या चकची किल्ली काढायची राहिली, आणि ती जिथे गेली तिथून काढायला वायरमनलाच बोलवावं लागलं. (कोणाला लागलं नाही. आईला सांगू नका.) चौथं मात्र नीट उतरलं. हातात पटाशी धरायची मला भीती वाटली म्हणून लोखंडाच्या कामासारखी हत्यार धरून सरकणारी गाडीच चालवली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, श्वास रोखून. पॉलिश पेपर मारला. गालावर फिरवून बघितलं. तारीख चौदा.

पंधराला शिंपी टेप गळ्यात घालून हजर होता. मी लाटणं आईच्या हातात दिलं. मी हात खिशात घातले. आईने कणकेचा गोळा घेतला, लाटणं ठेवलं आणि लाटायला लागली. आणि गोळा फिरायला लागला. आई थांबली. पुन्हा लाटणं सरकवलं, तर पुन्हा तो आपला आपण थोडा गोल फिरला. आत्या वाकून म्हणाली, "ह्या टोकाला जाड आहे. पलीकडे बारीक आहे. वाकडं आहे हे." शिंप्याने गळ्यातली टेप काढली, धंद्याची सवय, आणि दोन्ही टोकांना गुंडाळून बघितली. "फरक आहे," तो म्हणाला. "बाही अशी बेतली तर गिऱ्हाईक परत येत नाही." मी जाडी मोजायचं कॅलिपर आणून बघितलं. दोन सूत. माझं सगळं संपलं असं मला वाटलं, आणि मी खोलीतल्या कुठल्या डब्यात काय आहे याची यादी शिंप्याला द्यावी का, असा विचार करायला लागलो.

आई मात्र लाटतच होती. एक पोळी झाली, दुसरा गोळा घेतला. तोही आपोआप वळत वळत चंद्रासारखा गोल. ती म्हणाली, "पस्तीस वर्षं मी हाताने वळवतेय. हे स्वतः वळवतंय. हे मी देणार नाही."

"अहो पण वाकडं आहे ते," शिंपी म्हणाला.

"तुम्हाला लाटायचंय का?" आईने विचारलं. शिंप्याने टेप पुन्हा गळ्यात घातली आणि तो भला माणूस नमस्कार करून गेला. जाताना आत्याला म्हणाला, त्याच्या बायकोसाठी असलंच एक मिळालं तर बरं होईल.

बाबांनी लाटणं उचलून एका डोळ्याने त्याच्या लांबीवरून पाहिलं. म्हणाले, "पलीकडचं टोक धरणारा टेलस्टॉक एक सूत सरकलाय. तो एक सूत सरकला की जाडीत दोन सुतांचा फरक येतो." आणि हात धुवायला गेले. (ते असं बोलतील अशी माझी मुळीच कल्पना नव्हती. मी कामावर असताना मशीनबरोबर शाळेतून आलेली माहितीची जुनी पुस्तिका त्यांच्या उशाखाली जात होती, हे मला नंतर कळलं.)

तर अशी गोष्ट आहे, मामा. खोली माझी झाली. बाबांनी शब्द पाळला. तुम्ही चाळीस वर्षं जे काम केलंत त्याचा एक तुकडा आता आमच्या घरात आहे, आणि त्याला तेल घालताना मला रोज तुमची आठवण येते. मामीला नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद (धाकटे माझ्यापेक्षा उंच झाले असले तरी). आमची काळजी करू नये. प्रकृतीला जपावे, आणि गुडघ्यावर जोर देऊ नये.

तुमचा भाचा,
गुण्या

ता. क. वर 'खोली माझी झाली' असं लिहिलं आहे. ते शुद्धलेखनाच्या दृष्टीने बरोबर आहे. वस्तुस्थिती अशी की सोळा तारखेपासून मी लेथला हात लावलेला नाही. बाबा सकाळी सातला खाली जातात. मी सहाला कामावरून येतो तेव्हा ते म्हणतात, "आत्ता नको, फिनिश चालू आहे." रात्री मशीन लावायची नाही असा नियमही त्यांनीच केला आहे. आतापर्यंत त्यांनी पाच लाटणी (त्यात एक शिंप्याच्या बायकोचं), घरातल्या सगळ्या कपाटांच्या मुठी आणि आत्याच्या काठीला पितळी टोपण केलं आहे. मी दाराशी स्टुलावर बसून बघतो. काल त्यांनी माझ्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या काढून स्वतःच्या लावल्या. 'बोलट लांब' असं लिहिलं आहे. मी पेन्सिलीने दुरुस्त केलं, त्यांनी खोडलं. मला रागावता येत नाही, कारण त्यांना इतकं खूश मी ते निवृत्त झाल्यापासून पाहिलेलं नाही. पण मामा, मशीन माझी आहे.

दुसरा ता. क. खरं म्हणजे पत्र याचसाठी लिहिलं. तुम्ही बाबांना आठ दिवस, दहा झाले तर उत्तम, तुमच्याकडे बोलावून घ्या. गुडघ्याचं निमित्त सांगा, किंवा तुमच्याकडचा नळ गळतो म्हणा, मग ते नक्की निघतील. मी सुचवलं असं अजिबात कळू देऊ नका. हे पत्र वाचून झाल्यावर फाडावे. मी ते आत्याजवळ टाकायला देतो आहे, कारण पोस्टाची पेटी तिच्या वाटेवर आहे आणि ती कोणाची पत्रं वाचत नाही.

तिसरा ता. क. (अक्षर वेगळे असल्याबद्दल क्षमा असावी. मी याचा बाप लिहितो आहे.) आपल्या बहिणीच्या नणंदेने पत्र वाचले नाही. तिने ते मला वाचायला दिले. मजकूर खरा आहे. 'बोल्ट' मी सुधारून घेतला आहे. आपल्याकडचा नळ गळत असल्यास वॉशर बदलावा, त्यासाठी मी येण्याची गरज नाही. आपल्या कामाला मी इतकी वर्षं सगळ्यांसमोर लोखंड खरवडणे म्हणत आलो. कालचा सबंध दिवस घालवून मला वीतभर लांबीची एक सळई दोन्ही टोकांना सारखी करता आली नाही. तेव्हा मी येण्यापेक्षा आपणच यावे हे योग्य. जिना चढावा लागणार नाही, पलंगाला नवा पाय बसवून तो खालीच टाकला आहे. आपण आलात की सकाळ आपली, दुपार माझी, आणि संध्याकाळी अर्धा तास आपण दोघे मिळून गुण्याला देऊ.